आधी उलटं विरारला

नालासोपाऱ्याचा माणूस सकाळी चर्चगेटला जायला निघतो, तेव्हा तो आधी विरारला जातो. नकाशा पाहणाऱ्याला हा शुद्ध वेडेपणा वाटेल. चर्चगेट दक्षिणेला, विरार उत्तरेला. म्हणजे ऑफिसला पोचण्यासाठी हा गृहस्थ ऑफिसकडे पाठ फिरवून एक स्टेशन मागे जातो. विरारला उतरणाऱ्यांना उतरू देतो, स्वतः खिडकी धरून बसून राहतो, आणि थोड्या वेळाने त्याच नालासोपाऱ्याच्या फलाटावर गाडी आली की दाराशी चाललेल्या झोंबाझोंबीकडे, साधुपुरुष संसाराकडे पाहतो तशा नजरेने पाहतो. या उद्योगाला वसई-विरार पट्ट्यात कोणी वेळेचा अपव्यय म्हणत नाही. ‘रिटर्न’ म्हणतात, आणि त्यासाठी पासही विरारपासूनचा काढतात. रोजचा पाव तास, वर्षाचे तीनशे दिवस, नोकरीची पंचवीस वर्षं असा हिशेब मांडला, तर रात्रंदिवस धरून अडीच महिने माणूस उलटा प्रवास करतो. का? तर सीट मिळावी म्हणून. आता याच गृहस्थाच्या मुलीने बारावीनंतर सांगून पाहावं, की मला फिजिओथेरपीला जायचं आहे, पण एक वर्ष थांबून. बाबांचा चेहरा असा होतो, की मुलीने पळून जाऊन लग्न केलं असतं तर बरं झालं असतं, निदान काहीतरी पुढे सरकलं असतं. वास्तविक प्रश्न दोन्हीकडे सीटचाच आहे आणि हिशेबही एकच आहे. अट फक्त एक: उलटं जाऊन गाडीत बसायला हवं, विरारच्या फलाटावरच्या बाकावर नव्हे. गॅप इयरवरचा सगळा वाद मला या एका अटीचा वाद वाटतो.

या वादात मराठी भाषेने मुलांची बाजू कधी घेतलेली नाही. ज्याला प्रवेश नाही किंवा नोकरी नाही, तो आपल्याकडे ‘घरी बसलेला’ असतो. तो दिवसभर उन्हात क्रिकेट खेळत असला तरी बसलेलाच. आपल्याकडे आवाज बसतो, धंदा बसतो, भिंत बसते, गालफडं बसतात, आणि मग मुलगा बसतो. घट बसतात आणि जम बसतो हे सन्माननीय अपवाद. एरवी बसणं म्हणजे संपणं. उलट जे चांगलं ते उभं. माणसाने स्वतःच्या पायावर उभं राहावं, ही प्रत्येक आईबापाची इच्छा. आणि फिजिओथेरपिस्ट हा जगातला एकमेव व्यावसायिक, की जो हा वाक्प्रचार शब्दशः घेतो आणि त्याचे तासाप्रमाणे पैसे लावतो. मुलांनी या ‘बसण्या’तून सुटायला एक नवा शब्द काढला: ड्रॉप. ड्रॉप पडत नाही, ड्रॉप ‘घेतात’. लिफ्टमध्ये शेजारच्या काकू विचारतात, “यंदा काय घेतलंस रे?” आणि मुलगा सांगतो, “ड्रॉप.” काकूंना क्षणभर तो एखादा नवीन कोर्स वाटतो. रिपीटर बॅचची फी ऐकली, की त्यांचं फारसं चुकलं नव्हतं हेही लक्षात येतं.

फिजिओथेरपीच्या आधी जे वर्ष जातं, ते बहुतेक वेळा फिजिओथेरपीसाठी गेलेलंच नसतं. महाराष्ट्रात ही पदवी बीपीटीएच म्हणून ओळखली जाते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा अभ्यासक्रम चार वर्षांचा, वर सहा महिने इंटर्नशिप. २०२५ साली आलेल्या राष्ट्रीय आराखड्यात इंटर्नशिप धरून पाच वर्षं. दार मात्र ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचंच. १८० प्रश्न, ७२० गुण, चुकलं की एक वजा. यातले ९० प्रश्न जीवशास्त्राचे, आणि त्यातला मोठा हिस्सा वनस्पतींचा. म्हणजे उद्या अर्धांगवायू झालेल्या माणसाचा हात धरून त्याला पहिलं पाऊल टाकायला शिकवणाऱ्याची निवड आज प्रकाशसंश्लेषणावरून होते. झाडं चालत नाहीत, हा एकच मुद्दा दोन्हींना जोडणारा. बरं, या परीक्षेला बसणाऱ्यांच्या मनातली उतरंड ठरलेली असते. आधी एमबीबीएस, मग बीडीएस, मग बीएएमएस, बीएचएमएस, आणि विरारच्या जीवदानीचा डोंगर उतरून गुडघे बोलायला लागले की खाली फिजिओ. त्यामुळे ‘ड्रॉप’ घेतला जातो तो एमबीबीएसच्या नावाने, आणि वर्षअखेरीस हाती लागते फिजिओची सीट. नीटला वयाची वरची मर्यादाही २०२२ पासून उरलेली नाही. बसा हवं तितक्या वेळा. परीक्षेलाही आपण मराठीत बसतोच.

यात एक गंमत आहे, आणि ती गंमत म्हणून सोडून देण्यासारखी नाही. बसण्याचे दुष्परिणाम शिकवणाऱ्या शाखेत शिरण्यासाठी मुलगा वर्षभर रोज दहा-बारा तास बसतो. प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मान मॉड्यूलमध्ये घातलेली, खांदे पुढे आलेले, पाठ केळीच्या घडासारखी वळलेली. त्याला ताठ बसायला सांगायचीही सोय नसते, कारण घरात लगेच ‘त्याला डिस्टर्ब करू नका’ असा आवाज उठतो. प्रवेश मिळून तो कॉलेजात जातो तेव्हा मानदुखीचा पहिला पेशंट म्हणून त्याला स्वतःलाच वापरता येतं. अशा वर्षाला मी गॅप म्हणायला तयार नाही. गॅप म्हणजे मधली मोकळी जागा. इथे तर श्वास घ्यायला जागा नसते. हा माणूस विरारला उलटा गेला आणि फलाटावरच्या बाकावर बसून वेळापत्रक पाठ करत राहिला.

अमेरिकेत गोष्ट वेगळी आहे. तिथे फिजिकल थेरपीची पदवी हीच डॉक्टरेट, आणि ती आधी चार वर्षांचं कॉलेज करून मग साधारण तीन वर्षांत घ्यायची. अर्जासोबत अनेक विद्यापीठं विचारतात, की बाई, तू हे काम कधी डोळ्यांनी पाहिलं आहेस का? किती तास? त्यासाठी न्यू जर्सीतली एखादी कुलकर्ण्यांची मुलगी वर्षभर थांबते, एखाद्या क्लिनिकमध्ये मदतनीस म्हणून टॉवेलच्या घड्या घालते, पलंग पुसते, म्हाताऱ्यांच्या व्यायामाचे आकडे मोजते. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तिची आई ‘तिचं गॅप इयर चालू आहे’ असं मोदक वाढताना सांगते. हीच बातमी फोनवरून वसईच्या मावशीकडे येते तेव्हा ‘ती सध्या घरीच आहे म्हणे’ अशी होते. साता समुद्रांपार येताना शब्दाचा एवढा भाग झिजतो. तिकडची नक्कल करा असं मी म्हणत नाही. तिथली मुलगी बावीस वर्षांची असते, आपली अठराची. आणि तिच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर असतो, तो आपल्याला परवडणारा नाही. पण ‘हे काम पाहिलं आहेस का’ हा प्रश्न तेवढा आयात करण्याजोगा आहे. आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट कधी समोर न पाहताही फिजिओथेरपिस्ट होण्याचा पूर्ण बंदोबस्त आहे.

पाहायला का हवं, तर हा धंदाच विलक्षण आहे. बाकीच्या औषधोपचारात गोळी घेतली की पेशंटचं काम संपतं. इथे गोळी नाही. पेशंट हाच गोळी, पाणी आणि कंपाउंडर. मुंबईत केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं ते १९५०च्या दशकाच्या आरंभी, पोलिओच्या काळात. पोलिओवरची साल्कची लस बाजारात यायची होती १९५५ साली. पाय लुळे पडलेल्या त्या मुलांसाठी डॉक्टरांच्या बॅगेत काही नव्हतं; होता तो फक्त रोजचा, कंटाळवाणा, तसूतसूने पुढे जाणारा व्यायाम. म्हणजे आपल्याकडे या शास्त्राचा जन्मच धीरातून झालेला आहे. आजही गुडघा बदललेल्या आजीला घरी करायला दिलेला व्यायाम बघावा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाय खाली दाबायचा, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं, असं दहा वेळा. आजी तीनदा दाबते आणि दहा मोजते. मधले आकडे ती देवाला वाहते. त्या सात आकड्यांसाठी आजीशी न चिडता, न ओरडता, तिच्या मालिकेची वेळ सांभाळून, सलग सहा आठवडे रोज दोनदा भांडता येणं हे या व्यवसायातलं अर्धं शिक्षण आहे, आणि ते नीटच्या कुठल्याच विभागात विचारलं जात नाही. आता ज्या मुलीला ‘बारा महिने थांब’ एवढंही ऐकून घ्यायला घरातलं कोणी तयार नाही, ती उद्या कोणत्या तोंडाने पेशंटला ‘तीन महिने लागतील’ असं सांगणार?

आणि पाहायचंच म्हटलं, तर वसई-विरारइतकं मोठं फुकट संग्रहालय नाही. सुरुवात अर्थातच गाडीपासून. लोकलच्या गर्दीसाठी रेल्वेच्या कागदोपत्री ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा शब्द आहे. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसं. घरच्या जेवणाच्या टेबलाएवढ्या जागेत एक क्रिकेट संघ राखीव खेळाडूंसह उभा करून पाहा, म्हणजे कल्पना येईल. त्या गर्दीत एक हात वर कडीला, दुसरा हात बॅगेवर, कंबर डावीकडे, मान उजवीकडे, आणि उजवा पाय नेमका कुठे आहे याची बातमी थेट बोरिवलीला. चौथ्या सीटची गोष्ट तर स्वतंत्र प्रबंधाची. तिघांच्या बाकावर चौथा टेकतो तेव्हा तो बसलेला नसतो आणि उभाही नसतो. विरार ते दादर तो एका कुल्ल्यावर तोललेला असतो. एक पाय मार्गिकेत रोवलेला, कणा तिरका, आणि चेहऱ्यावर मात्र जागा मिळाल्याचं समाधान. वर्षानुवर्षं असा प्रवास करणारा माणूस चर्चगेटला उतरून चालायला लागला, की त्याच्या चालीवरून तो खिडकीवाला की चौथ्या सीटवाला, हे ओळखता येईल का? मला खात्री नाही. पण हा प्रश्न ज्याला पडला आणि ज्याने महिनाभर फलाटावर उभं राहून लोकांचे पाय पाहिले, तो निम्मा फिजिओ झालाच. उरलेल्या निम्म्यासाठी साडेचार-पाच वर्षं आहेतच.

गाडीतून उतरलं तरी संग्रहालय संपत नाही. अर्नाळा, पाचूबंदरच्या कोळणी डोक्यावर चुंबळ, त्यावर माशांची पाटी घेऊन चालतात तेव्हा त्यांची मान, पाठ आणि टाच एका ओळंब्यात असते. एवढं ओझं घेऊन ताठ चालणारी बाई आणि दोनशे ग्रॅमचा मोबाइल घेऊन वाकलेला तिचा नातू, ही तुलना कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा बोलकी आहे. वसईच्या गावांतून पहाटेच्या गाडीने भाजी, फुलं, केळी घेऊन मुंबई गाठणाऱ्या बायका टोपली उचलताना गुडघ्यात वाकतात की कमरेत, हे पाहण्यासारखं आहे. जीवदानीच्या तेराशेच्या घरातल्या पायऱ्या चढताना लोकांना धाप लागते आणि उतरताना काहीच वाटत नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या आखडल्या की तो देवीचा कोप ठरतो. कारण असं, की उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार तोलत असतो, आणि तसल्या कामाची सवय नसली की तो दुसऱ्या दिवशी हिशेब मागतो. वसई-विरार मॅरेथॉनच्या दुसऱ्या दिवशी जिने उलटे उतरणारे सुशिक्षित लोकही हाच हिशेब चुकवत असतात. हे सगळं पाहायला तिकीट लागत नाही, शिफारसपत्र लागत नाही. पाहायचं मात्र फक्त पाहण्यापुरतं. वर्षभर निरीक्षण केलेल्या मुलाने शेजारच्या काकांची मान मोडून ‘आता कसं वाटतंय?’ विचारणं हा गॅप इयरचा नव्हे, पोलीस ठाण्याचा विषय आहे. तसेही आपल्याकडे सल्लागार कमी नाहीत. कंबर धरली म्हटलं, की सोसायटीतला वॉचमनसुद्धा शेक सांगतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: वर्ष वाया जातं. पण वर्ष वाया घालवण्याच्या कामात सरकार आणि परीक्षा घेणारी मंडळी आपल्यापेक्षा फार पुढे आहेत. नीट होते मेच्या सुरुवातीला. मग निकाल, मग राज्याच्या सीईटी सेलच्या प्रवेश फेऱ्या, मग रिकाम्या जागांची फेरी, आणि त्यानंतर आणखी रिकाम्या जागांची. फिजिओच्या वर्गात शेवटचा मुलगा येऊन टेकतो तोवर दिवाळीचे कंदील लागलेले असतात. २०२० साली तर परीक्षाच १३ सप्टेंबरला झाली आणि पुढच्या वर्षी १२ सप्टेंबरला. त्या मुलांना न मागता गॅप मिळाली आणि त्याबद्दल लिफ्टमध्ये कुणी काही विचारलं नाही, कारण ती सरकारमान्य होती. आणि वसईकरांनी तरी घाईचं कौतुक करू नये. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ साली साष्टी आणि ठाणं हाती आलं. वसईचा किल्ला मिळाला तो मे १७३९ मध्ये. दोन वर्षं. आजचे नातेवाईक असते तर मधल्या काळात त्यांनी पुण्याला निरोप धाडला असता, की पोराला वसई झेपत नाहीये, अर्नाळ्यावर समाधान माना.

दुसरा आक्षेप वयाचा, आणि त्याचं उत्तर केईएममध्येच आहे. फिजिओथेरपीची सख्खी चुलत बहीण म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. तिची शाळा तिथे १९५० साली काढली कमला निंबकर यांनी. मूळच्या अमेरिकन, लग्न करून महाराष्ट्राच्या झालेल्या या बाई हे शास्त्र शिकल्या चाळिशी उलटल्यावर. त्या हिशेबाने आपल्या अठरा वर्षांच्या मुलीला वीस-बावीस गॅप परवडतात. प्रतिष्ठेचा आक्षेप तर मी मनावरच घेत नाही. नावाआधी ‘डॉक्टर’ लावायचं की नाही यावर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ९ सप्टेंबर २०२५ रोजी फिजिओथेरपिस्टांना ‘नाही’ म्हणणारं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतलं. चोवीस तासांची गॅप. जी प्रतिष्ठा एका पत्राने जाते आणि दुसऱ्याने परत येते, तिच्यासाठी बारा महिन्यांची घाई कशाला?

दोन आक्षेप मात्र हसून उडवता येत नाहीत. एक मुलींचा. फिजिओच्या वर्गात मुली भरपूर असतात, आणि मुलीच्या आयुष्यातली मोकळी जागा समाजाला बघवत नाही. मुलगा थांबला तर त्याला क्लास सुचवतात, मुलगी थांबली तर स्थळ. ‘नुसतं बघून तर ठेवू’ या चार शब्दांनी कित्येक गॅप इयर कायमची भरून टाकली आहेत. ज्या घरात हा धोका खरा आहे, तिथे मी गॅपचा प्रचार करणार नाही. तिथे मिळेल ती सीट धरून आत शिरलेलं बरं, उभ्याने का होईना. दुसरा आक्षेप पैशांचा. खाजगी कॉलेजची फी लाखांत, आणि पदवीनंतरचा पहिला पगार ऐकून रिक्षावालेही सांत्वन करतात. अशा वेळी एक कमावतं वर्ष मागे ढकलणं हा नालासोपाऱ्याच्या आचोळे रोडवरच्या वन रूम किचनमध्ये फार महाग विनोद आहे. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं उत्तर असं, की चुकीच्या शाखेत तिसऱ्या वर्षी उमगणं त्याहून महाग पडतं, आणि त्याचे हप्तेही नसतात. शिवाय वर्षभर सकाळी एखाद्या दुकानात काउंटरवर उभं राहून चार पैसे मिळवणारा मुलगा आठ तास उभं राहण्याविषयी जे शिकतो, ते त्याला कुणी फी घेऊनही शिकवणार नाही.

‘पण ही मुलं थांबून काही पाहत-बिहत नाहीत हो, रील्स पाहतात,’ हा आक्षेप मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो खरा आहे. रिटर्न मारणाऱ्यांतही काही जण झोपून जातात आणि अंधेरीला उतरायचं ते चर्चगेटला जागे होतात. त्यावरून रिटर्न मारणं बंद झालेलं नाही.

राहता राहिला कागद. वर्षभराने प्रवेश घेताना कॉलेज ‘गॅप सर्टिफिकेट’ मागतं, म्हणजे बहुधा प्रतिज्ञापत्र: मधल्या काळात मी अन्य कुठेही प्रवेश घेतलेला नाही. काय केलं नाही ते शपथेवर लिहून द्यायचं; काय केलं, यासाठी त्यात जागा नसते. कोळणींच्या माना, चौथ्या सीटचे कणे, आजीचे देवाला वाहिलेले सात आकडे, यातलं काहीच त्या कागदावर येत नाही. पण समजा, एखादी मुलगी खरोखरच वर्षभर डोळे उघडे ठेवून मग तो कागद करून घ्यायला वसईच्या कचेरीबाहेर टायपिस्टच्या टेबलाशी उभी राहिली, तर तिचं लक्ष कागदाकडे जाणारच नाही. ते जाईल टायपिस्टच्या खुर्चीकडे. की-बोर्ड छातीच्या उंचीला, खांदे कानाला लागलेले, आणि दर दोन ओळींनी उजवा हात मानेवर. ती म्हणेल, “काका, खुर्ची चार बोटं वर घ्या, मान दुखायची कमी होईल.” काका तिच्याकडे वळतील, संपूर्ण अंगासकट, कारण नुसती मान वळायची कधीच बंद झालेली असते. आणि विचारतील, “ते राहू दे पोरी. गॅपचं कारण काय टाकू?”